दुसरा चोर

आमच्या विल्फचं पहिलं काम : दुसरा चोर.
पहिल्या चोराला दोन वाक्यं होती.
याने नुसतं पळायचं आणि कुंपणावर सापडायचं.
बर्स्लेमच्या आमच्या गल्लीत टीव्ही
एकट्या मिसेस कोलक्लफकडे.
आई चर्चचा कोट घालून गेली.
तो पडला तेव्हा म्हणाली,
"बूट घरचेच घातलेत मेल्यानं."

मग हवालदार, दूधवाला, हमाल,
एकदा प्रेत. त्याचे जास्त मिळाले,
कालव्याच्या पाण्यात पडून राहायचं होतं.
आम्ही इकडे येणाऱ्याजाणाऱ्याला 'डक' म्हणतो;
लंडनचा साहेब विचारी,
हे बदक मध्येच कुठून आलं?
बोली धुऊन ये, म्हणाले.
हा धुवेना. लिहायला बसला.

मी भट्टीवरच. कपबशा भाजत.

नाटक लागलं बुधवारी, रात्री नऊला.
भट्टीवाला बाप, छातीत धूळ, शेवटची घरघर,
आणि धाकटा उशाशी वाकून म्हणतो :
"झोपा आता. आग मी बघतो."

मी चहा खाली ठेवला.
हे मी म्हटलं होतं.
बाबांना. त्या रात्री.
विल्फ दाराशी उभा होता, पाठमोरा,
मला वाटलं डोळे टिपतोय.
वाक्य टिपत होता.

वर ते बोलला केंटचा कुणी देखणा पोरगा,
आणि 'आग' म्हणताना हात पुढे केले त्याने, शेकायला!
भट्टीवरचा माणूस
आगीपुढे हात धरतो होय?

फोनवर विचारलं, किती मिळाले माझ्या वाक्याचे?
बराच वेळ खरखर.
मग म्हणाला, "तुझा पाच महिन्यांचा पगार."
खरं बोलायची खोड आईकडून आलेली.
सहा वर्षं बोललो नाही.

तेवढ्यात कंपनीने ती टेप पुसून
वर स्नूकरची मॅच भरली.
टेपा महाग असतात म्हणे.
विल्फने मालिकांचे चाळीस भाग लिहिले, बंगला घेतला,
बक्षिसाचा पुतळा दाराला अडण म्हणून लावला.
ते वाक्य मात्र आता कुठेच नाही,
माझ्याकडे सोडून.

गेल्या जानेवारीत त्याच्या उशाशी बसलो.
नाकात नळी. स्टुलावर वही, पेन्सिल.
माझ्या तोंडाकडे बघत होता,
लहानपणी पावाच्या शेवटच्या तुकड्याकडे बघायचा तसा.
मला कळत होतं काय हवंय.

मी हॅन्लीच्या बसबद्दल बोललो.
कशी उशिरा आली,
आणि ड्रायव्हर नवीनच होता कुणीतरी.