भोंगेवाला

पलूसच्या मैदानात माइक भूपाल आवट्यांचा,
भोंगे माझे.
दिवसभर काय शब्द उधळतो हा माणूस!
ढाकेवर चितपट, की ‘नाद खुळा!’
घिस्सा बसला, की ‘जाळ आन् धूर संगटच!’
हरून उठणाऱ्यालाबी ‘वाघ हाय, वाघ!’

शेवटून तिसरी जोड पोरींची.
त्यातली एक त्याचीच, सुलोचना.
पुकारताना ‘निळ्या ड्रेसची पैलवान’ एवढंच म्हणाला,
नाव घेतलं न्हाई.

पाचव्या मिनिटाला निळ्या ड्रेसनं
समोरचीची पाठ मातीला लावली.
हलगी सुटली, फेटे उडाले,
आन् माइक गप.

वायर गेली वाटून
मी भोंग्याला कान लावला.
आत चालू होतं सगळं:
एक आवंढा,
मग श्वास,
मग अर्धाच ‘सु…’

मी बटण फिरवलं,
फुल्ल.