हरकत नाही

देवगडच्या कचेरीत पंखा फिरतो. कागद दगडाखाली,
किनाऱ्यावरून कुणीतरी उचलून आणलेल्या.
तलाठी विचारतो, मयताची पत्नी?
ती म्हणते, नानुली.
टोपणनाव नको बाई, कागदावरचं सांगा.
कागदावरही नानुलीच.
माहेरचं आडनाव?
खालवाशी.
तो मान वर करतो : खालच्या वाडीतल्या?

नाही. काळ्या समुद्राकाठच्या. बातुमी म्हणून बंदर आहे,
तिथं माझ्या भावाची बोट अठरा दिवस दुरुस्तीला थांबली होती.
एवढंच घडलं. अठरा दिवस.
नंतरची एकवीस वर्षं इथं,
खाडीत मुळे काढत, आंब्याच्या पेट्यांत गवत भरत,
मला वन्सं म्हणत.

चुलतभाऊ बाबल दारातच उभा.
"भायल्या देशातल्या बायलेक जमीन गावता खय?
कायद्यात बसणा नाय."
तलाठी म्हणतो, कलम बघावं लागेल. वर विचारावं लागेल.
नानुलीला कलम एकच ठाऊक.
ती घाईनं सांगते,
"कलमा सत्तावीस आसत. दोन सुकली."
कुणी हसलं नाही. मीही नाही.
त्यातली अकरा तिच्या हातची :
रायवळाच्या रोपावर हापूसची काडी, वरून पट्टी,
मग महिनाभर रोज वाकून बघणं,
धरली का.

माझा मुलगा हरेश्वरला मामा म्हणायचा, तेव्हा ती हसायची.
तिच्या भाषेत मामा म्हणजे बाप.
त्यांना मूल झालं नाही.
म्हणून तर बाबल दारात आहे.

आता तलाठी माझ्याकडे वळतो.
मयताची बहीण, सुगंधा, खारेपाटणला दिलेली.
आपली काही हरकत?

हा शब्द मी ओळखते.
बाबा गेले त्या वर्षी, ह्याच इमारतीत, मागच्या खोलीत,
वकिलानं पेन्सिलीनं फुली मारून दाखवलं होतं, इथं.
हक्कसोड. मी वाचलं नाही.
हरेश्वरनं बाहेर चहा पाजला, दिवाळीला साडी धाडली,
मोरपिशी, एका बाजूला काठ उसवलेला.
भाऊ वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते.
त्याला वाटलं, असंच असतं.
मलाही वाटलं.

परक्याचं धन, सुईण म्हणाली होती म्हणे.
म्हणजे ही विमानातून उतरून परकी झाली
आणि मी बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आले तीच परकी होऊन.
कोण आधी, बाबल?

हे तोंडानं बोलले नाही.
नानुलीच्या हातांकडे बघत होते.
चिकानं भाजल्याचे काळे डाग, मनगटापर्यंत.
आणि खरं सांगू तर एक क्षण मनात आलं,
हिला नाही मिळालं तर कदाचित मला.
सगळी नकोत, पाच कलमं तरी.
आलं मनात. लिहून ठेवते.

मग म्हटलं, हरकत नाही.
तलाठ्यानं फुली मारायला पेन्सिल उचलली.
राहू दे, म्हटलं. आधी वाचते.

चष्मा घरी राहिला होता. नानुलीनं तिचा दिला.
नंबर जुळत नव्हता, अक्षरं जरा पोहली,
मग तळाला बसली.
इतर हक्कांच्या रकान्यात, बारीक,
कंसात बंद केलेलं माझं नाव होतं.
इतकी वर्षं तिथंच. पुसलेलं नव्हतं.
खाली सही केली. पूर्ण, आडनावासकट.
दोन्ही आडनावांसकट.

निकाल वरून येणार. महिना लागेल, सहा लागतील.
बाबल पायऱ्यांवर पानाची पिंक टाकून गेला.

एसटी स्टँडवर, कोकम सरबताचे दोन ग्लास,
नानुली विचारते,
"वन्सं, कंस म्हंजे काय?"

एक मामा होता, म्हटलं.
बस येऊ दे, सांगते.