खडूची रेघ

अंबडच्या शेडमध्ये दार उभं असतं,
भिंत नाही, नुसती चौकट.
आठ खिट्ट्या, भोवती काळं रबर.
समुद्र इथून पावणेदोनशे किलोमीटर, मधे कसाऱ्याचा घाट.
मी अजून जहाजावर पाय ठेवलेला नाही.

बेंडकुळे मामांनी शिकवलं :
चौकटीच्या धारेला खडू फासायचा,
दार लावून खिट्ट्या आवळायच्या, मग सोडायच्या.
रबरावर रेघ उमटते. ती अखंड हवी.
नखभर तुटली, तर तिथून समुद्र
रांगत नाही येत, म्हणायचे, उभा येतो.

मग पाण्याचा फवारा.
पलीकडे मी टॉर्च घेऊन, पोलादाला जवळजवळ गाल लावून
एक थेंब शोधत.

सरकत्या दाराची तऱ्हा वेगळी.
दूर वरून कुणी बटण दाबतं, ते मिटतं.
जहाज कललं तरी मिटलंच पाहिजे.
पण हलण्याआधी घंटा हवी, निदान पाच सेकंद.
अख्ख्या कागदात हे एकच कलम
मला माणसाबद्दलचं वाटतं.

भांडी बाजारात आमच्या दुकानाला फळ्यांचं दार होतं,
एक ते नऊ आकडे घातलेलं.
गंगापूरचं पाणी सोडलं की भोंगा व्हायचा.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी, मग छातीला.
आण्णा फटींत पोती कोंबायचे,
घंगाळी माळ्यावर चढवायचे.
एका वर्षी सातवी फळी सापडलीच नाही.
आण्णा बाहेर पडले होते,
तागडीसाठी पुन्हा आत गेले.
आले. गळ्यापर्यंत भिजून, तागडी डोक्यावर.
आई काही बोलली नाही.
तागडी पुसून ठेवली.

आज घंटा साडेचार सेकंद वाजली.
सर्व्हेअर पिंटो अजून चहाला गेलेले.
खैरनार साहेब म्हणाले, लिहा पाच,
अर्ध्या सेकंदानं काय बुडतंय?

मी टायमरचं झाकण पुन्हा उघडलं.
साडेचार आणि पाचच्या मधे
एक माणूस उंबरठा ओलांडत असतो,
दोन्ही हात वर,
मोकळा हात नाही त्याला.

संध्याकाळी दार ट्रकवर आडवं झालं.
इगतपुरीला पाऊस लागेल म्हणून
ड्रायव्हरनं त्यावर ताडपत्री बांधली,
चारही कोपरे दोनदा ओढून बघितले.