दुपारचा लाईनमन

एप्रिलात वसमतला हळद शिजते तेव्हा
खांबावर चढलं तरी वास मागं चढत येतो.
यादीत अकरावं नाव होतं:
शिवकांता दत्तराव, थकबाकी तीन हजार चाळीस.
पत्ता वाचायची गरज नव्हती.
त्या घराचं मीटर मीच बसवलेलं,
वास्तुशांतीला, जेवायच्या आधी.

ती दारात आली, मिलवरून नुकतीच,
हात कोपरापर्यंत पिवळे.
दादा म्हणाली नाही.
"साहेब, सोमवारी पगार होणाराय."
"बाई, नोटीस पंधरा दिवसांची होती."
जन्मात पहिल्यांदा तिला बाई म्हणालो
आणि वायर तोडली.
आतला पंखा थोडे फेरे उगाच फिरला.
सोपान, माझा भाचा, पंख्याकडं बघत होता.
आधीच्या दहा घरी मी पाणी मागून प्यालो.
इथं नाही.

संध्याकाळी शिडी ऑफिसात, हातमोजे खिळ्याला,
खाकी शर्ट पिशवीत कोंबला
नि नाक्यावरून टरबूज घेऊन गेलो.

अंधारात तिनं चपलेवरून ओळखलं.
"बस दादा. दुपारी एक लाईनमन आल्ता मेला,
लई खडूस. पाणीसुदिक मागितलं नाही.
तोंडावर आलं होतं, माझा भाऊबी तुमच्यातच हाय म्हणून.
पर नाव नाही घेतलं तुझं."
"बरं केलंस. दिसायला कसा होता?"
"दिसला कुठं? वरच होता की."

भाकरी हाताला लागली, ठेचा बोटाला.
सोपान पुठ्ठ्यानं वारा घालत होता,
मधेच थांबायचा,
मग एकदम जोरात.
त्याला अजून दोन माणसं वेगळी धरता येत नव्हती.

खिशात हजार रुपये होते.
काढले असते तर कुणाचे झाले असते, कळेना.
खिसा तसाच राहिला.
टरबूज मात्र गोड निघालं,
बिया कुठं थुंकल्या ते सकाळी कळेल.

निघताना म्हणाली,
"मंगळवारी बिल भरते. त्याला म्हणावं लवकर ये,
लेकराला झोप नाही."
म्हटलं, सांगतो.

गल्लीत सगळ्या खिडक्या पेटलेल्या,
मधी एक दात पडलेला.
वर खांबावर तुटलेल्या टोकाला टेप गुंडाळलेली आहे.
तेवढं लाईनमनला करावंच लागतं.
दोन वेढे जास्तीचे निघतील.