साउंडचेक

तुर्भ्याच्या एमआयडीसीत, जिथं बर्फाचा कारखाना होता,
तिथं आता प्रदर्शनं भरतात.
दारावर काळी पाटी, पांढरी अक्षरं,
इतकी बारीक की चष्मा विसरलेल्याला वाटावं
अजून काही लिहिलेलंच नाही.

आत्याला मी शाळेच्या व्हॅनमधून आणलं.
बारकूबाई मढवी, धवलारीण, वय बहात्तर.
घणसोलीपासून उलव्यापर्यंत तीनशेएक लग्नं
हिच्या गळ्यानं लावलेली.

पहिल्या खोलीत पडद्यावर नुसती खाडी,
आवाज काढून घेतलेला.
दुसरीत आठशे किलो मीठ जमिनीवर पसरलेलं,
त्यात आखलेले बांध, उघाड्या, मेरा:
आमच्या खाजणाचा जुना नकाशा.
लोक भिंतीला धरून, श्वास आवरून चालत होते.
आत्यानं चपला काढल्या आणि ती सरळ आत शिरली.
शेतात कुणी चपला घालून जातं का?
वाकून चिमूट उचलली, जिभेवर ठेवली.
"ह्या आपला नाय. पाकिटातला हाय."
चित्रकार ओजस्विनी बाईंनी ते वहीत लिहून घेतलं,
आणि पावलांच्या खुणा पुसू नका म्हणाल्या.

संध्याकाळी गाणं.
एक मुलगा लॅपटॉप उघडून, वायरींचं जाळं टाकून
भरतीची वाट बघत बसलेला.
शेजारी चेलो, माणसाएवढा.
"यात भात भरायचा का?" आत्यानं विचारलं.
पोरगी हसली, तार छेडून दाखवली.
आत्या गप्प झाली. तिला तो आवाज पटला होता.

"आजी, माइकमध्ये काहीही बोला. एक, दोन, तीन."
"लगीन कोनाचा हाय?"
लग्न नाही, परफॉर्मन्स आहे.
"असूं दे. नवरीचा नाव काय?"
नाव नाही.
"नवऱ्याचा?"
सगळे एकमेकांकडे बघायला लागले.
पत्रिकेवर पन्नास नावं होती, प्रायोजकांसकट,
तिच्या कामाचं एकही नव्हतं.
धवल्यात नावाची जागा असते.
ती रिकामी ठेवून गायचं म्हणजे
मांडव घालायचा आणि मेढ विसरायची.

तेवढ्यात सिक्युरिटीवाला आत आला,
व्हॅन गेटसमोरून काढा, सांगायला.
भोजराज रहांगडाले, गोंदियाकडचा.
"तुजा लगीन झाला?"
झालं. मार्चमध्ये. कोर्टात.
"गायला कोन होता?"
कोणी नाही. टायपिस्ट दोनदा शिंकला.
"तिचा नाव?"
त्यानं टोपी काढली, उगाच.
"ओमेश्वरी."

मग आत्यानं डोळे मिटले.
लॅपटॉपवाला पहिल्या दोन ओळींना चुकला,
तिसरीला त्यानं हात मांडीवर ठेवून दिले.
चेलोवाल्या पोरीला खाली, तळाशी एक सूर सापडला
आणि ती तिथंच राहिली,
गाळात पाय रोवून उभं राहावं तशी.
चाळीसेक माणसं जमिनीवर, कुणाच्या तरी लग्नात,
अक्षता नसलेल्या मुठी मिटून.
भोजराज उंबऱ्यावर, अर्धा आत अर्धा बाहेर,
कारण आत फोनला रेंज नव्हती,
आणि फोन त्यानं वर धरला होता.

मला मात्र व्हॅन काढावी लागली.
उरलेलं मी गेटाबाहेरून ऐकलं.
बर्फाच्या कारखान्याच्या भिंती जाड असतात,
सूर आतच राहत होता, शब्दही.
बाहेर येत होती
फक्त दोन नावं.