निळ्या ताटलीवर नारिंगी

बद्रीलाल म्हणाले, "लोहो तो घणो हे, बई, इनी माटी में,"
आणि खोटं नव्हतं ते.
सांवेरच्या त्या शेतात लोखंडाची टंचाई कधीच नव्हती.
तरी सोयाबीनची कोवळी पानं पिवळी,
शिरा तेवढ्या हिरव्या,
जुन्या नकाशातल्या नद्यांसारख्या.

चुनखडीच्या काळ्या मातीत लोखंड असतं,
पण गंजून, घट्ट होऊन बसतं
सरकारी कपाटासारखं:
सगळं आत, किल्ली कुणाकडेच नाही.

मी पाहत होते बांधालगतची तीन रोपं.
हिरवीगार. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही.
मुळांवरच्या मातीसकट उपटली,
ओल्या फडक्यात गुंडाळली
आणि उज्जैनहून आलेल्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसले.
शेजारच्या बाईनं पदर सावरत विचारलं,
किती महिन्यांचं?

मग काचेची भांडी.
रात्रभर आम्लात, मग तीनदा शुद्ध पाण्यात.
नर्मदेचं पाणी अख्ख्या इंदूरला चालतं, इथे चालत नाही,
लोखंडाचा कणही आत जाता कामा नये.
पोट भरलेलं असलं की हे जीव काहीच करत नाहीत,
त्यांना आधी उपाशी ठेवावं लागतं.
हे मला दर वेळी क्रूर वाटतं
आणि दर वेळी मी ते करते.

भुकेलेला जीवाणू काय करतो?
त्याला दात नाहीत, नखं नाहीत, पाय म्हणावेत तर शेपटी.
तो एक रेणू बाहेर सोडतो, अंधारात.
पुस्तकात त्याला लोहवाहक म्हणतात.
रेणू जातो, गंजलेल्या कणाला
सहा बाजूंनी धरतो खेकड्यासारखा,
आणि परत येतो.
किंवा येत नाही.
वाटेत दुसराच कुणी त्याला दारातून आत घेतो,
ज्यानं स्वतः कधी काही सोडलेलं नाही,
फक्त दार नेमकं त्या मापाचं ठेवलंय.
मूळही तिथेच असतं, टपून.
हिशेब कुणी ठेवत नाही.
आत गेल्यावर लोखंडाला एक इलेक्ट्रॉन मिळतो,
तिहेरी हट्ट दुहेरी होतो,
खेकड्याची पकड सुटते.
एवढंच. एवढ्यानं पान हिरवं होतं.

माझं हिमोग्लोबिन साडेसात.
आई फोनवर: "काय करून राहिली तू तिथे?
दुसऱ्यांची मुळं तपासते, स्वतःचा रिपोर्ट उघडत नाही."
रविवारी ती लोखंडी कढईत पालक परतते,
वर अर्धं लिंबू पिळते, बिया बोटांनी अडवत.
मी सांगितलं तिला,
मूळसुद्धा हेच करतं, काहीतरी आंबट सोडतं मातीत.
म्हणाली, मग त्याला अक्कल आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला
ताटल्या बाहेर काढल्या.
निळं, निळं, निळं:
हा निळा म्हणजे लोखंडाला बिलगलेला रंग.
पहिल्या रोपाची ताटली तशीच, दुसऱ्याचीही.
तिसऱ्यावर, डाळीएवढ्या ठिपक्याभोवती,
नारिंगी.
कुणीतरी रंगाच्या मिठीतून लोखंड काढून नेलं होतं
आणि रंग तिथेच उरला होता, मोकळा.
मी खुर्ची ओढून बसले.
शिरीननं विचारलं, चक्कर आली का मॅडम?
म्हटलं, नाही. म्हणजे आली, पण ते वेगळं.

बद्रीलालना फोन लावला.
"दवई हे कई?"
औषध नाही हो.
"तो फेर कई हे?"
तुमचंच आहे, म्हटलं, बांधावरचं.
बराच वेळ पलीकडून फक्त पंपाचा आवाज.

एका रोपावरून काही सिद्ध होत नाही.
बाकी ताटल्या वाफेवर मारून टाकल्या, नियमाप्रमाणे.
एक फ्रिजमध्ये ठेवली, पट्टी लावून:
सांवेर, बांध, तीन.
दुपारी लोहाची गोळी घेतली
आणि लगेच चहा आला.
डॉक्टरांनी सांगितलंय, गोळीवर चहा नको.
नको, म्हटलं.
शिरीननं कप तसाच ठेवला टेबलावर,
आलं घातलेला.
मी दोन घोट घेतलेच.