सातवं वळण

बोगी म्हटलं की तुम्हाला डबा आठवेल.
मी सांगतोय तो इंजिनाच्या पोटाखालचा गाडा:
तीन आस, सहा चाकं, स्प्रिंगा, ओतीव पोलादाची चौकट.
दीडशे टन धूड दोन गाड्यांवर बसतं
आणि आपण कुणावर तरी बसलोय, हे विसरून जातं.

एकवीस-शून्य-सातची पुढची बोगी नवी,
ड्रॉइंगच्या कागदावरून नुकतीच उतरलेली.
मागची जुनीच.
'पुढे हरणाचे पाय, मागे बैलाचे,'
ल्युडविक झुपान म्हणायचा,
'मला विचारून कुणी असलं जनावर जुंपलं नसतं.'

प्वेब्लोच्या पूर्वेला माळ आहे, वारा आहे,
आणि चौदा मैलांचं वेटोळं, कुठेच न जाणारं.
निघायचं आणि निघालो तिथेच यायचं.
स्टेशन नाही. त्यामुळे उशीरही नाही.
मागे जोडलेला एकच डबा, मापं घेणारा;
त्यात डेल्फिना आर्चुलेटा,
थर्मासमध्ये हिरव्या मिरचीचा रस्सा,
आणि सरकत्या कागदावर थरथरणाऱ्या बारा सुया.

ल्युडविकचा बाप गावातल्या कारखान्यात रूळ लाटायचा.
बापाच्या वाट्याला सरळ लोखंड आलं,
पोराच्या वाट्याला वळणं.
एकतीस वर्षं चाकाची कड रुळाच्या गालाला घासत राहिली
आणि ती किंचाळी याच्या कानात साठत गेली.
डावा कान केव्हाच गेला होता.
उजव्याचं तो कुणाला सांगत नसे.

जानेवारी. रात्रीची पाळी. ताशी पंधरा मैल.
सातव्या वळणावर त्याने सवयीने दात आवळले.
काही नाही.
नव्या बोगीचे आस हट्टाने समांतर राहिले नव्हते;
पंगतीत सरकून जागा द्यावी
तसे जरा जरा वळणाकडे कलले होते.
पण ल्युडविकला ते कसं कळावं?
त्याला एवढंच कळलं, की उजवाही गेला.
आत्ता. इथे. पेन्शनला चार वर्षं असताना.

दोन सेकंद.

मग मागची बोगी वळणात शिरली
आणि डुकरासारखी केकाटली.

डेल्फिना सांगते, वायरलेसवर आधी फक्त हसणं आलं,
खूप वेळ.
तिने कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं:
सातवं वळण, चालक ठीक.

एप्रिलमध्ये मागचीही बदलली.
अहवालात एक ओळ आली, 'आवाज: नगण्य'.
साहेब मंडळी टोप्या धरून वाऱ्यात उभी राहिली, फोटो झाले.
जुनी बोगी शेडमागे पडली आहे, चाकं काढलेली,
तिच्या चौकटीत गवत आणि सशाचं बीळ.

ल्युडविक अजून सातव्यावर दात आवळतो.
दोन सेकंद मोजतो. तिसरा. चौथा.
मग वायरलेसवर: 'वाजलं का गं?'
'नाही.'
'बरं.'

हरणं पूर्वी किंचाळी ऐकूनच रूळ सोडायची.
आता ती वळणावर खुशाल चरत उभी असतात.
त्यांच्यासाठी शिटी द्यावी लागते.
तो देतो,
लागते त्याहून जरा जास्तच.